जिप्सम बोर्डाच्या भिंतीवर कॅबिनेट टांगायचं, पण कशाच्या भरवशावर?

आमच्या ऑफिसच्या पँट्रीतलं कॅबिनेट एका सोमवारी सकाळी खाली आलं. जवळ कोणी नव्हतं, म्हणून नुकसान दोन डझन कप आणि एका इंडक्शन शेगडीवर भागलं. ढीग बाजूला केल्यावर मी भिंतीकडे पाहिलं. चार भोकं, प्रत्येक रुपयाच्या नाण्याएवढं, आणि त्यांच्या कडेने बोर्डाचा कागद पापुद्र्यासारखा लोंबत होता. खाली पडलेल्या स्क्रूंवर गिट्ट्या, म्हणजे स्क्रूआधी भोकात ठोकतात त्या प्लास्टिकच्या नळ्या, जशाच्या तशा घट्ट. एक हातात घेऊन फिरवली तर तिच्या खाचांमध्ये पांढरी भुकटी ठासून भरलेली, चुन्याच्या डबीत बोट घातल्यासारखी. स्क्रू शाबूत, गिट्टी शाबूत, कॅबिनेटचं एक दार सोडलं तर तेही शाबूत. मोडलं होतं ते फक्त मधलं चार सुताचं जिप्सम.

बसवणाऱ्या सुताराच्या नावाने सगळ्यांनी खडे फोडले. खरं तर त्याने विटांच्या भिंतीत जन्मभर जे केलं तेच इथे केलं होतं. ड्रिल, गिट्टी, स्क्रू, झालं. नंतर आमच्याच घरी हॉल आणि स्वयंपाकघराच्या मध्ये जिप्सम बोर्डाचं पार्टिशन घालायची वेळ आली आणि त्यावर सहा फुटांची कॅबिनेटांची रांग यायची होती, तेव्हा मी बोहरी आळीतल्या हार्डवेअरच्या दुकानांतून मिळतील तेवढे अँकर, म्हणजे भिंतीत स्क्रू धरून ठेवणारे तुकडे, आणले, बोर्डाचा एक उरलेला तुकडा गॅलरीत उभा केला आणि एकेक बसवून, उपटून पाहिला. पुढचं सगळं त्या उद्योगातून आणि नंतरच्या चुकांमधून आलेलं आहे.

आधी भिंत कोणती ते बघा

आपल्याकडे "जिप्समची भिंत" म्हटलं की दोन अगदी वेगळ्या गोष्टी निघतात. नव्या इमारतींत विटा, एएसी (हलके, सच्छिद्र काँक्रीटचे) ब्लॉक किंवा मायव्हान पद्धतीच्या, म्हणजे अॅल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या, काँक्रीटवर आतून सिमेंटऐवजी जिप्समचं प्लास्टर मारतात. ती भिंत भरीव असते, वरचा अर्धा इंच फक्त पांढरा. दुसरी म्हणजे जिप्सम बोर्डाची: पत्र्याचे उभे चॅनेल, दोन्ही बाजूंना साडेबारा एमएमचे बोर्ड, मध्ये पोकळी. टकटक केल्यावर आवाज पोकळ येतो हे खरं, पण नुसत्या आवाजावर जाऊ नका. सुटलेलं प्लास्टरही पोकळ वाजतं. कॅबिनेटमागे झाकली जाईल अशा जागी दोन-तीन एमएमचं बारीक बिट लावून एक भोक पाडा. पांढरी भुकटी आली आणि मग बिट एकदम आत धसलं तर बोर्ड आहे. पांढऱ्यानंतर लाल भुकटी आली तर वीट. पांढऱ्यानंतर करडी, हलकी, आणि बिट लोण्यासारखं जातंय, तर एएसी. करडी आणि बिट अडून ओरडायला लागलं तर काँक्रीट.

वीट किंवा काँक्रीट निघालं तर पुढचं वाचायची फारशी गरज नाही. चांगल्या नायलॉन गिट्ट्या, आणि काँक्रीटला हवं तर लोखंडी अँकर फास्टनर, काम झालं. फक्त गिट्टी प्लास्टरच्या थरात न राहता मागच्या भरीव भागात पूर्ण जायला हवी, म्हणजे लांबी तेवढी जास्त घ्यायची. एएसीत हॅमर बंद ठेवून नुसतं फिरवून भोक पाडा आणि आठ किंवा दहा एमएमची लांब, एएसीसाठीच बनवलेली गिट्टी घ्या. नेहमीची आखूड गिट्टी तिथे स्क्रूबरोबर गोल गोल फिरत राहते.

आता बोर्डाकडे.

वजन खाली जातं, पण कॅबिनेट पुढे पडतं

समजा नेहमीचं वरचं कॅबिनेट आहे: दोन फूट रुंद, ७२० एमएम उंच, ३०० एमएम खोल. अठरा एमएम प्लायचं, दारासकट, लॅमिनेट आणि बिजागऱ्या धरून ते रिकामंच वीस किलोच्या आसपास भरतं. त्यात आपण काय ठेवतो? स्टीलचे डबे, काचेच्या बरण्या, ताटांचा ढीग, दिवाळीला काढायचा डिनर सेट. तीस किलो सहज. म्हणजे पन्नास किलो.

हे पन्नास किलो भिंतीवर दोन तऱ्हेने येतात. एक, सरळ खाली. स्क्रूचा दांडा बोर्डाला खालच्या बाजूला चिरडत राहतो. दोन, वरचे स्क्रू बाहेर ओढले जातात, कारण कॅबिनेट खालच्या कडेवर टेकून पुढे कलू बघतं. वजनाचा मध्य भिंतीपासून साधारण १५५ एमएमवर, आणि खालच्या कडेपासून वरच्या स्क्रूपर्यंतचं अंतर ६५० धरलं, तर बाहेरची ओढ ५० गुणिले १५५ भागिले ६५०, म्हणजे बारा किलो. वजनाच्या पाव भागाहून कमी. म्हणून उथळ, उंच कॅबिनेट भिंतीवर तसं निमूट राहतं.

हेच गणित फ्रिजच्या वरच्या कॅबिनेटला लावून बघा. तिथे खोली ६०० आणि उंची जेमतेम ३५०. वजनाचा मध्य भिंतीपासून ३०० वर, वरच्या स्क्रूपर्यंतचा आधारही ३०० च. पन्नास किलो वजन असेल तर बाहेरची ओढ पुरी पन्नास किलो. चौपट! आकाराने लहान म्हणून हेच कॅबिनेट लोक दोन स्क्रूंवर भागवतात आणि त्यातच जुना मिक्सर, पाट्याचा वरवंटा, गणपतीचं सामान कोंबतात. बोर्डाच्या भिंतीवर असं बुटकं-खोल कॅबिनेट कुठल्याही अँकरवर टांगू नका, असं माझं ठाम मत आहे. त्याला बाजूच्या उंच युनिटचा नाहीतर छतातल्या स्लॅबचा आधार द्या.

शिवाय कॅबिनेटचं दार दिवसातून दहा वेळा उघडतं, आपटतं. वरचा डबा काढताना माणूस नकळत खालची फळी धरतो. आपली पन्नास किलोची बेरीज शांत कॅबिनेटची आहे, हे लक्षात ठेवायचं.

गिट्टी: स्वस्त आणि इथे निरुपयोगी

गिट्टीला अजून बरेच मिस्त्री रॉल प्लग म्हणतात. हा शब्द जॉन रॉलिंग्ज या इंग्रज कंत्राटदाराच्या नावावरून आला. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटिश म्युझियममध्ये भिंतींची फारशी खराबी न करता विजेची जोडणी बसवायची होती, त्यासाठी त्याने तागाच्या तंतूंचा प्लग काढला. आज आपण वापरतो ती नायलॉनची, फाकणारी गिट्टी जर्मनीच्या आर्टुर फिशर यांनी १९५८ मध्ये आणली. दोन्ही शोध भरीव भिंतीसाठीचे. स्क्रू आत गेला की गिट्टी फुगते आणि भोकाच्या कडांवर दाब देते. वीट तो दाब परतवते, त्या झगड्यातून पकड मिळते. जिप्सम दाब परतवत नाही, चुरा होतं. पहिल्या दिवशी पकड बरी वाटते, कारण कागद अजून धरून असतो. मग दाराच्या प्रत्येक हादऱ्याने भोक केसभर मोठं होत जातं. आमच्या पँट्रीत हे साधारण आठ महिने चाललं.

गॅलरीतल्या तुकड्यावरची आठ एमएमची गिट्टी मी पकडीने धरून नुसत्या मनगटाच्या झटक्याने बाहेर काढली. कॅलेंडर लावायला ठीक आहे.

आट्यांचा अँकर

हा जाड स्क्रूसारखा दिसतो, प्लास्टिकचा किंवा जस्ताचा, रुंद आट्यांचा. तो थेट बोर्डात पिळायचा आणि त्याच्या आत स्क्रू घालायचा. भोकसुद्धा पाडावं लागत नाही, म्हणून तो सगळ्यांना आवडतो. मोठ्या आट्या जिप्समच्या पूर्ण जाडीत बसतात, त्यामुळे गिट्टीपेक्षा पुष्कळ बरा. पण धरतो तो बोर्डाच्या जाडीतच. मागे काही अडकत नाही. पाकिटावर वीस-पंचवीस किलोचा आकडा असेल तर तो बहुधा तुटण्याचा आकडा असतो, आणि तोही नव्या, कोरड्या बोर्डावर, एकदाच ओढून काढलेला. मी अशा आकड्याचा चौथा भाग धरतो. म्हणजे एका अँकरला पाच-सहा किलो. मसाल्याचं छोटं शेल्फ, टॉवेल रॉड, आरसा यांना हा उत्तम. कॅबिनेटला नाही. जस्ताचा घ्या, प्लास्टिकचा पिळताना टोकाला बोर्डाचा कागद जरा अडला की वाकतो.

मॉली आणि टॉगल: मागून धरणारे

इथून खऱ्या अर्थाने कॅबिनेटची चर्चा सुरू होते, कारण हे दोन्ही बोर्डाच्या मागच्या बाजूला पसरतात. म्हणजे बाहेर ओढताना जिप्समचा बऱ्यापैकी मोठा तुकडा आणि मागचा कागद दोन्ही तोडल्याशिवाय ते निघत नाहीत.

मॉली ही लोखंडी नळी, बाजूंना चिरा असलेली. भोकात घालायची, स्क्रू आवळत न्यायचा, नळी मागे दुमडून छत्रीसारखी होते. तिची चांगली गोष्ट ही की स्क्रू काढला तरी नळी भिंतीतच राहते. कॅबिनेट काढून पुन्हा लावता येतं. वाईट ही की प्रत्येक मॉली ठराविक जाडीसाठी असते. एकेरी साडेबाराच्या बोर्डासाठीची मॉली दोन थरांच्या, पंचवीस एमएमच्या भिंतीत घातली तर दुमडायचा भाग बोर्डाच्या आतच अडकतो आणि ती अर्धवट उघडते. दुकानदाराला "मॉली द्या" एवढंच सांगू नका, बोर्डाची जाडी सांगा. आणि शक्यतो तिची ती खास पक्कड वापरा. स्क्रू ड्रायव्हरने आवळताना नळी भोकात फिरायला लागली की कडेचे दात कागद कापत जातात, मग ती कधीच बसत नाही. माझ्या चारांपैकी एक अशी गेली.

टॉगल दोन प्रकारांत मिळतो. जुना स्प्रिंगचा, पंखांसारखा उघडणारा. याचा बोल्ट काढला की पंख पोकळीत पडतात, खुळखुळ आवाज ऐकून समाधान मानायचं. नवा पट्टीचा: एक लांबट धातूची पट्टी भोकातून आत सरकवतात, ती आडवी होऊन बोर्डाला मागून टेकते आणि प्लास्टिकच्या दोन कांड्या ओढून ती जागेवर पकडून ठेवतात. बोल्ट काढला तरी पट्टी पडत नाही. दोन्हींत मला हा दुसरा स्पष्टपणे उजवा वाटतो. पट्टी बोर्डावर जास्त लांबीत टेकते, त्यामुळे भार पसरतो. जोर लावून ओढून बघितलं तेव्हा गॅलरीतला तुकडाच हलला, टॉगल नाही.

भोक मात्र मोठं लागतं, साधारण अर्ध्या इंचाचं, आणि इथेच एक बारीक धोका आहे. बोल्ट सहा एमएमचा, भोक तेराचं. नीट आवळलं नाही तर बोल्ट भोकात खालच्या कडेपर्यंत घसरतो आणि कॅबिनेट तेवढं खाली बसतं. तीन कॅबिनेटांची दारं एका रेषेत हवी असतील तर ही तीन-चार एमएमची घसरण डोळ्यात खुपते. आवळताना कॅबिनेटखाली टेकू देऊनच आवळा. पॉवर टूल मात्र शेवटच्या टप्प्याला बाजूला ठेवा, कारण जोरात आवळलं की बोर्डाचा कागद पुढून आत दबतो.

टॉगलसाठी मागे जागा लागते. पार्टिशनमध्ये पन्नास-सत्तर एमएमची पोकळी असते, पण आवाजासाठी त्यात ग्लासवूल भरलेलं असेल तर पंख उघडायला अडतात. जुन्या भिंतीवर पातळ चॅनेल मारून बोर्ड लावला असेल तर मागे कधी एक इंचही जागा नसते. तिथे टॉगल नको. तिथे बोर्ड पार करून मागच्या विटेत जाणारी लांब नायलॉन गिट्टी लागते, आणि आवळताना बोर्ड मागे दबू नये म्हणून मध्ये काहीतरी कडक ठेवावं लागतं.

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींना हा प्रकार ओळखीचा असेल. तिथल्या बऱ्याच घरांत ब्लॉकच्या भिंतीवर चिकट मसाल्याचे गोळे लावून बोर्ड चिकटवलेले असतात, मध्ये पंधरा-वीस एमएम हवा. त्यासाठी लोखंडी नळीसकट येणाऱ्या लांब गिट्ट्या तिथल्या दुकानांत सहज मिळतात, त्या घ्याव्यात. अमेरिकेतल्या भावंडांचं काम त्याहून सोपं: लाकडी स्टड, म्हणजे बोर्ड ज्यांवर मारतात ते सांगाड्याचे उभे खांब, बहुतेक घरांत सोळा इंचांवर, त्यात अडीच-तीन इंची, रुंद डोक्याचे कॅबिनेट स्क्रू थेट मारायचे. तिथे अँकरची चर्चाच क्वचित निघते.

स्टड, आणि चुंबकाची करामत

आपल्याकडे स्टड बहुतेक पत्र्याचा असतो, जेमतेम अर्धा एमएम जाडीचा. लोकांना वाटतं, लोखंड सापडलं म्हणजे जिंकलो. पूर्ण जिंकलो असं नाही. अर्धा एमएम पत्र्यात स्क्रूची एखाद-दुसरी आटीच पकडते. बोर्ड धरायला ते पुरतं, कॅबिनेटला एकट्याने पुरत नाही. पण नुसत्या बोर्डापेक्षा ते केव्हाही चांगलं, आणि स्टडच्याच पत्र्यात भोक पाडून टॉगल घातला तर तो बोर्ड आणि पत्रा दोन्हींना मागून धरतो. एका बिंदूवर यापेक्षा पक्कं काही मला तरी मिळालेलं नाही.

स्टड शोधायला महागडं यंत्र लागत नाही. फ्रिजवरचं चुंबक, शक्यतो जुन्या हार्ड डिस्कमधलं जोरदार, दोऱ्याला बांधून भिंतीवरून हळूहळू सरकवा. बोर्ड धरणारे स्क्रू पुट्टीखाली दडलेले असतात. चुंबक तिथे टक् करून चिकटतं. एकाखाली एक असे तीन-चार ठिपके मिळाले की ती स्टडची रेघ. आमच्याकडे पहिली रेघ दाराच्या चौकटीपासून ४२० वर मिळाली, पुढची १०३० वर, म्हणजे ६१० चं अंतर, दोन फूट.

आता गंमत बघा. कॅबिनेट दोन फूट रुंद, स्टड दोन-दोन फुटांवर. एका कॅबिनेटच्या मागे जवळजवळ नेहमी एकच स्टड येतो, आणि तोही नेमका मध्यात किंवा एका कोपऱ्यात. कॅबिनेट टांगायला आजकाल जे दोन कोपऱ्यांतले अॅडजस्टेबल हँगर वापरतात, त्यांच्या पट्ट्या बरोबर कोपऱ्यांतच लागतात, आणि तिथे स्टड नसतो. विटांच्या भिंतीत हे हँगर फार सोयीचे, पेच फिरवला की कॅबिनेट वर-खाली, आत-बाहेर. बोर्डावर मात्र ते सगळा भार दोन कोपऱ्यांतल्या कमजोर जागी आणून टाकतात.

म्हणून इथे लांब पोलादी रेल. आख्ख्या रांगेच्या लांबीची एक पट्टी भिंतीला आडवी मारायची, स्टड जिथे जिथे येईल तिथे तिथे पकडायची, मधल्या जागांत टॉगल, आणि मग कॅबिनेटं त्यावर हव्या त्या ठिकाणी अडकवायची. सहा फुटांच्या रांगेला तीन, नशीब असेल तर चार स्टड मिळतात. हँगरच्या पट्टीला मिळाला असता तो कदाचित एक. आयकियाच्या स्वयंपाकघरांत दोन मीटरच्या अशा रेल असतात. पण भिंतीत जाणारे स्क्रू ते सोबत देत नाहीत, कारण भिंत कोणाची कशी हे त्यांना माहीत नसतं. बाकीच्यांनीही देऊ नये असं मला वाटतं. पाकिटात आलेले चार स्क्रू आणि चार गिट्ट्या पाहिल्या की माणसाला वाटतं, कंपनीने विचार केलाय.

स्टडमध्ये मारताना एक काळजी: स्टड इंग्रजी सी अक्षरासारखा असतो, एक बाजू बंद, एक उघडी. उघड्या कडेजवळ ड्रिल केलं तर पत्रा मागे वाकतो आणि स्क्रू सटकतो. बंद बाजूकडे मारा. चुंबकाने रेघ मिळाल्यावर दोन्ही बाजूंना बारीक बिटाने एकेकदा टोचून पाहिलं की कळतं. आणि तारा! स्विचबोर्डाच्या सरळ वर-खाली आणि पार्टिशनमधून गेलेल्या नळाच्या रेषेत ड्रिल लावू नका.

प्लाय आत घाला आणि निवांत व्हा

हे सगळं वाचून झाल्यावर माझं खरं मत सांगतो. भिंत अजून बंद झाली नसेल तर अँकरचा विचारच करू नका. स्टडच्या मध्ये अठरा एमएम प्लायची पट्टी बसवून घ्या, मग बोर्ड लावा.

कुठे बसवायची? ओटा ८५०, त्यावर ६०० मोकळं, म्हणजे कॅबिनेटचा तळ १४५० वर. ७२० उंचीचं कॅबिनेट असेल तर माथा २१७० वर. एक पट्टी २००० ते २२५० अशी, म्हणजे वरचे स्क्रू बरोबर तिच्या पोटात. दुसरी अरुंद पट्टी १५०० च्या आसपास, खालच्या स्क्रूंना. आठ बाय चारच्या एका प्लायमधून फूटभर रुंदीच्या आठ फुटी चार पट्ट्या निघतात. सगळं पार्टिशन भागून वर उरेल. ओल्या जागेजवळ आहे, तर आयएस ७१० या भारतीय मानकाचा मरीन किंवा निदान आयएस ३०३ मधला बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्याला टिकणाऱ्या) प्रतीचा घ्या. काही ठेकेदार सांगतात, "साहेब, आख्ख्या भिंतीला सहा एमएम मारून देतो." नको. सहा एमएममध्ये स्क्रूच्या आट्या धड धरत नाहीत. पैसे जास्त, पकड कमी. आणि त्याच वेळी स्टड ६१० ऐवजी ४०० वर घ्यायला सांगा. कॅबिनेट एका बाजूला लटकणार असलं की पार्टिशनच थोडं झुकू बघतं, शेजारचं दार आपटलं की बरण्या किणकिणतात.

बोर्ड लावायच्या आधी उघड्या सांगाड्याचे फोटो काढा, मोजपट्टी धरून. आम्ही काढले, आणि नंतर चिमणीचा डक्ट लावताना ते उपयोगी पडले.

आणि भिंत आधीच बंद असेल, रंगसुद्धा झाला असेल तर? इथे बहुतेक लोक हताश होऊन टॉगलकडे वळतात. खरं तर कॅबिनेटच्या मागची भिंत कोणालाच दिसणार नसते. वरच्या स्क्रूंच्या रेषेत, कॅबिनेटच्या सावलीतच राहील असा बोर्डाचा फूटभर उंचीचा पट्टा कापून काढा, आणि त्या जागी बारा एमएम प्लाय प्रत्येक स्टडला चार-चार सेल्फ ड्रिलिंग स्क्रूंनी मारा. बोर्ड साडेबारा, प्लाय बारा, पातळीला पातळी. अर्ध्या दिवसाचं काम आहे, सांधा कॅबिनेटमागे झाकला जातो, पुट्टी-रंगाची भानगड नाही. वर आणखी निर्धास्तपणा हवा तर रेलचे बोल्ट या प्लायमधून टॉगलने पकडा. आता टॉगल जिप्समऐवजी प्लायला मागून धरतो, आणि सगळा हिशेबच बदलतो. आमच्या पँट्रीत दुसऱ्यांदा कॅबिनेट लावलं ते असंच.

स्क्रू: काळा कुठे, पिवळा कुठे

काळा जिप्सम स्क्रू बोर्ड चॅनेलला लावायला बनवलेला आहे. कडक असतो, पण ठिसूळ. आडवा भार आला की वाकत नाही, डोकं उडतं. सुताराच्या खिशात तोच असतो, म्हणून तोच कॅबिनेटलाही मारला जातो. मारू देऊ नका. त्यातून मुंबई-कोकण-गोव्याच्या दमट हवेत तो लवकर गंजतो आणि डोक्याभोवती तांबूस डाग उमटतो.

प्लायमध्ये मारायला पाच एमएम जाडीचा, पन्नासचा चिपबोर्ड स्क्रू, पिवळ्या मुलाम्याचा किंवा स्टेनलेस. लांबी मोजून घ्या: कॅबिनेटची मागची पट्टी १८, बोर्ड साडेबारा, मग प्लाय १८, बेरीज साडेअठ्ठेचाळीस, म्हणजे पन्नास बरोबर. बोर्डाच्या जागी प्लाय बसवला असेल तर १८ अधिक १२, तिथे पस्तीस पुरे. स्टेनलेस थोडा मऊ असतो, म्हणून आधी तीन एमएमचं भोक पाडा, नाहीतर पेच झिजतो. टॉगल आणि मॉलीसोबत त्यांचाच मशीन-आट्यांचा बोल्ट लागतो, लाकडाचा स्क्रू त्यात घुसवू नका. डोक्याखाली रुंद वॉशर हवाच.

आणि हे सगळं जिथून जातं ती कॅबिनेटची मागची फळी! फॅक्टरीतून येणाऱ्या बऱ्याच कॅबिनेटना पाठ सहा एमएमची असते, कधी त्याहून पातळ. भिंतीत जगातला सर्वांत महाग अँकर लावला आणि स्क्रू या पातळ पाठीतून मारला, तर पाठ भिंतीवर राहील आणि खोका खाली येईल. वरच्या बाजूला आडवी अठरा एमएमची पट्टी आहे का ते उघडून पाहा. नसेल तर सुताराकडून लावून घ्या, स्क्रू तिच्यातूनच जाऊ द्या.

मग तुम्ही काय घ्याल?

काम अजून चालू असेल: आत प्लाय, चिपबोर्ड स्क्रू. भिंत बंद आहे, घर स्वतःचं आहे आणि रांग तीन फुटांहून मोठी आहे: बोर्डाचा पट्टा कापून प्लाय, त्यावर रेल. एकच छोटं, उथळ कॅबिनेट, आणि कापाकापी नको आहे: स्टडमध्ये जेवढे जमतील तेवढे टॉगल, बाकीचे बोर्डात पट्टीचे टॉगल, एका टॉगलला पंधरा-वीस किलोंवर भार नाही, आणि आत हलकं सामान. मॉलीचा उपयोग मला मग फक्त एवढाच उरतो, कॅबिनेट पुन्हा पुन्हा काढायचं असेल तर किंवा पोकळी टॉगलसाठी अपुरी असेल तर. आट्यांचा अँकर आणि गिट्टी कॅबिनेटच्या यादीतून सरळ बाद.

भाड्याच्या घरात असाल तर भिंतीचा नादच सोडा. जमिनीवर पाय टेकलेलं उंच युनिट घ्या. सगळं वजन फरशीवर जातं आणि भिंतीला फक्त ते पुढे पडू नये एवढंच सांभाळायचं असतं. वर दोन टॉगल त्याला पुरतात. घर सोडताना अर्ध्या इंचाची दोनच भोकं बुजवायची.

आमच्या घरच्या कॅबिनेटच्या आत, वरच्या फळीच्या खालच्या बाजूला मी मार्करने लिहून ठेवलंय: प्लाय २००० ते २२५०, स्टड चौकटीपासून ४२०, १०३०, १६४०, तार डावीकडे १२० वर. चिमणीवाला आला तेव्हा त्याने ते वाचलं, हसला, आणि ड्रिल दोन बोटं उजवीकडे सरकवली.